चेंबरचं गॅस्केट घरी बदलायचं असेल तर

गॅरेजमध्ये ज्याला चेंबर म्हणतात तो इंजिनाच्या बुडाशी बोल्टांनी आवळलेला पत्र्याचा खोलगट डबा. गाडी बंद असली की इंजिनातलं ऑइल निथळून त्यात येऊन बसतं. डब्याची कड आणि वरचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य धड, यांच्यामध्ये रबराची किंवा कॉर्कची चौकट असते, तेच गॅस्केट. जुने मेकॅनिक त्याला पॅकिंग म्हणतात. हे काम घरी होतं. सुटा भाग स्वस्त असतो, हत्यारं फार लागत नाहीत, आणि घाई नसलेला माणूस ते घाईतल्या गॅरेजपेक्षा चांगलं करू शकतो. मात्र नवं गॅस्केट टाकूनही दोन महिन्यांत पुन्हा ओघळ दिसतो, असं फार वेळा होतं, आणि बहुतेक वेळा त्यात गॅस्केटचा दोष नसतो. कड वाकलेली असते, ब्लॉकवर ऑइलचा पातळ थर राहिलेला असतो, किंवा गळती थांबावी म्हणून बोल्ट प्रमाणाबाहेर आवळलेले असतात.

इथे उदाहरणाला होंडाचं डी मालिकेचं इंजिन घेतलं आहे. १९९८ साली भारतात आलेल्या पहिल्या सिटीत याच घराण्यातलं इंजिन होतं आणि १९९६ ते २००० च्या सिव्हिकमध्येही हेच. खालचे आकडे त्या सिव्हिकचे आहेत. तुमची गाडी दुसरी असेल तर पद्धत तीच, आकडे मात्र तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधले घ्या. सुझुकीच्या अनेक इंजिनांत सुटं गॅस्केट नसतंच, कडेवर सिलिकॉन सीलंटची धार ओढून चेंबर चढवतात. त्याबद्दल पुढे येईलच.

गळती खरंच चेंबरची आहे का?

चेंबर सगळ्यात खाली असतो, त्यामुळे वर कुठूनही निघालेलं ऑइल शेवटी त्याच्याच कडेवर येऊन थेंब धरतं. गाडी चालताना वारा तो थेंब मागे ढकलतो, म्हणजे ओला भाग आणि गळतीची जागा यांत एखाद्या फुटाचं अंतर सहज पडतं. चेंबर उतरवण्याआधी एक संध्याकाळ या तपासाला द्या.

डी मालिकेत संशयित ठरलेले आहेत. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, गॅस्केट कडक झालं की ऑइल ब्लॉकच्या अंगावरून खाली उतरतं. स्पार्क प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या वर बसतो. त्याची ओ-रिंग गेली की ऑइल गिअरबॉक्सवरून ओघळून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यात येतं, आणि क्रँकचं (दट्ट्यांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) मागचं सील गेलं असं वाटून लोक गिअरबॉक्स उतरवायला निघतात. ऑइल फिल्टर ब्लॉकच्या मागच्या बाजूला, केबिनच्या भिंतीकडे असतो. तिथेच ऑइल प्रेशरचा स्विच. या दोघांपैकी काहीही झिरपलं तर चेंबरची मागची कड भिजते.

म्हणून आधी खालचं प्लास्टिक काढा, डिग्रीझरने इंजिनाची खालची बाजू धुवा, पुसून कोरडी करा. मग चेंबरच्या कडेवर आणि वरच्या ब्लॉकवर टाल्कम पावडर भुरभुरा. वीस-तीस किलोमीटर चालवून आल्यावर टॉर्च घेऊन खाली बघा. पांढऱ्या पावडरीत ऑइलची वाट करड्या रेघेसारखी स्पष्ट उमटते. रेघ वरून येत असेल तर चेंबरला हात लावायचं कारण नाही. ती कडेच्या सांध्यातूनच सुरू होत असेल तर पुढचं वाचा.

एक तपासणी मात्र दोन्ही बाबतींत करायची, पीसीव्ही व्हॉल्व्हची. इंजिनात दट्ट्यांच्या बाजूने खाली येणारा वायू या व्हॉल्व्हमधून परत इनटेककडे जातो. व्हॉल्व्ह काजळीने चोंदला की तो वायू आत कोंडतो आणि जिथे सांधा कमजोर तिथून ऑइल बाहेर ढकलतो. इंजिन आयडलवर असताना व्हॉल्व्हला जाणारा रबरी पाईप हलकेच चिमटा. व्हॉल्व्हमधून टक् असा आवाज यायला हवा. आवाज नसेल तर व्हॉल्व्ह आणि त्याचा रबरी ग्रॉमेट आधी तपासा. चोंदलेला व्हॉल्व्ह तसाच ठेवून गॅस्केट बदललं तर नवं गॅस्केटही घामेजणार.

सामान

चेंबरचं गॅस्केट चांगल्या प्रतीचं, एकसंध रबराचं घ्या. पुण्यात नाना पेठेत किंवा आपल्या गावच्या पार्ट्सवाल्याकडे मागताना इंजिनाचा नेमका प्रकार सांगा, कारण एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षांत वेगळी इंजिनं बसली आहेत. घरी आणल्यावर लगेच पाकिटातून काढून सपाट ठेवा. दुमडून ठेवलेलं गॅस्केट वळ धरतं आणि बसवताना भोकांवरून सरकतं.

सोबत ऑइल बोल्टचं, म्हणजे चेंबरमधून ऑइल काढायच्या बोल्टचं, १४ मिलिमीटरचं नवं वॉशर, सायलेन्सरच्या पुढच्या पाईपची गॅस्केटं आणि त्याचे नवे नट, नवा ऑइल फिल्टर, ४ लिटर ऑइल. सीलंटची एक छोटी ट्यूब: होंडाबॉन्ड, थ्रीबॉन्ड किंवा गॅरेजमध्ये सगळीकडे दिसणारा अनाबॉन्ड ६६६. ट्यूबवर ऑइल चालतं आणि ऑक्सिजन सेन्सरला बाधत नाही असं लिहिलेलं बघून घ्या. व्हिनेगरसारखा वास मारणारं, घरातल्या खिडक्यांना लावतात ते सिलिकॉन इथे नको.

हत्यारांत १० नंबरची गोटी (सॉकेट), लहान रॅचेट आणि दोन लांबीची एक्स्टेंशन, ऑइल बोल्टसाठी १७ नंबर, सायलेन्सरच्या नटांसाठी १४ ची लांब गोटी. प्लास्टिकचा स्क्रेपर, रबरी हातोडा, ब्रेक क्लीनरचे दोन डबे, न झडणारी सुती फडकी भरपूर. किती जोराने आवळलं ते मोजणारा टॉर्क पाना लहान, पाव इंची चौकोनाचा, साधारण ५ ते २५ न्यूटन-मीटरचा हवा. चाकाचे नट आवळायचा मोठा टॉर्क पाना इथे उपयोगाचा नाही, कारण त्याची मोजणीच जिथून सुरू होते तिथे हे बोल्ट तुटलेले असतात.

गाडी उचलताना

या भागात काटकसर करू नका. गाडी सपाट काँक्रीटवर किंवा फरशीवर, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर टाकलेला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी पाचर. पुढची बाजू जॅकसाठी दिलेल्या जागेवरून उचला, चेंबरखाली जॅक कधीच लावायचा नाही. दोन घोड्या (जॅक स्टँड) दरवाजाखालच्या पट्टीतल्या खाचांवर लावा आणि गाडी जॅकवरून पूर्णपणे घोड्यांवर टेकवा. मग बंपरला धरून जोरात हलवून बघा. हलायचीच असेल तर तुम्ही खाली शिरण्याआधी हललेली बरी.

विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे घोडीच्या जागी वापरू नका. ते वजन एका बिंदूवर आलं की आधी कसलाही इशारा न देता फुटतात. घोड्या नसतील तर मित्राकडून मागून आणा, मिळाल्या नाहीत तर काम पुढे ढकला.

उतरवणं

इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करा आणि ऑइल काढा. कोमट ऑइल पटकन वाहतं, पण सायलेन्सरचा पाईप तेवढ्यातही भाजण्याइतका तापतो, तो निवल्यावरच त्याला हात लावा. ऑइल बोल्ट हाताने काढताना आत दाबत फिरवा म्हणजे शेवटच्या आट्यावर तो ऑइलमध्ये पडत नाही.

यानंतर सायलेन्सरचा पुढचा पाईप. डी मालिकेत तो इंजिनाच्या पुढून उतरून चेंबरच्या खालून मागे जातो, म्हणजे तो काढल्याशिवाय चेंबर खाली येत नाही. या कामात सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. नट गंजलेले असतात. आदल्या रात्री आणि सकाळी पुन्हा त्यांच्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नट अडला तर थोडा उलटा, थोडा सुलटा फिरवत काढा. एकाच दिशेने जोर लावला की स्टड तुटतो आणि तुटलेला स्टड काढणं हे मूळ कामापेक्षा मोठं काम होतं. पाईपमध्ये ऑक्सिजन सेन्सर असेल तर त्याची जोडणी आधी सोडवा. पाईप वायरीवर लोंबकळता ठेवू नका.

गिअरबॉक्सच्या बाजूला फ्लायव्हीलखालचं पातळ पत्र्याचं कव्हर असतं, तेही काढा. त्याशिवाय त्या टोकाचे बोल्ट दिसतही नाहीत. आता चेंबरचे बोल्ट आणि नट. काही ठिकाणी बोल्ट, काही ठिकाणी ब्लॉकमधून खाली आलेले स्टड आणि त्यावर नट, अशी रचना असते. पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढून ज्या जागेचा बोल्ट त्या जागी टोचून ठेवा. सगळे निघाले असं वाटलं की पुन्हा एकदा बोट फिरवून मोजा. चिखलाखाली लपलेला एक बोल्ट राहिला आणि चेंबर ओढला की कड कायमची वाकते.

बोल्ट निघूनही चेंबर चिकटून राहतो. अशा वेळी हात आपोआप स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. तो घालू नका. या इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, आणि पोलादी टोकाने पडलेला ओरखडा म्हणजे नव्या गॅस्केटखालून ऑइलला दिलेली पन्हळ. रबरी हातोड्याने चेंबरच्या बाजूंवर, खोल भागाच्या कोपऱ्यांवर आडवे ठोके द्या. तरीही न सुटल्यास रंगकाम करणाऱ्यांची पातळ पुट्टीपट्टी सांध्यात सरकवत न्या. सुटला की एकदम ओढू नका. आत ऑइल शोषून घेणारी जाळी असते आणि ती चेंबरच्या मधल्या भिंतीला अडकते. आधी गिअरबॉक्सकडची बाजू खाली, मग तिरका करत बाहेर, किंवा उलट. जिकडून मोकळा वाटेल तिकडून. बुडात अजून थोडं ऑइल शिल्लक असतं, ते तोंडावर येणार नाही अशा बेताने झोपा.

बुडात काय दिसतं

चेंबर धुण्याआधी उजेडात नेऊन बघा. इंजिन न उघडता त्याच्या आतलं कळण्याची अशी संधी पुन्हा मिळत नाही.

तळाला काळा, पातळ, बोटाला गुळगुळीत लागणारा गाळ असेल तर ते जुन्या गाडीचं नेहमीचं. दह्यासारखा घट्ट, काठावर थापलेला गाळ म्हणजे ऑइल फार उशिरा बदललं गेलं. मळकट दुधी फेस असेल तर पाणी शिरतंय, हेड गॅस्केटकडे बघा. गाळात लोहचुंबक फिरवा. टोकाला करडी लव जमली तर ठीक, पण कपचे मिळाले तर थांबून जाणत्या मेकॅनिकला दाखवा. तांबूस-पिवळी चमक बेअरिंगची असते आणि ती दिसली तर गॅस्केट ही आता मुख्य चिंता नाही.

मग वर ब्लॉकमध्ये जाळीकडे बघा. आधी कुणी चेंबर उघडून हात सोडून सीलंट लावलं असेल तर त्या जाळीवर शेवयांसारखे सिलिकॉनचे तुकडे अडकलेले दिसतात, लाल किंवा करडे, एकेक दोन-तीन सेंटिमीटरचा. सांध्यातून बाहेर जेवढं सीलंट दाबून येतं तेवढंच आतही येतं. बाहेरचं आपल्याला दिसतं आणि नीटनेटकं वाटतं, आतलं गरम ऑइलमध्ये सुटून जाळीवर जाऊन बसतं. जाळी अर्धी बुजली की वळणावर आणि इंजिन जोरात फिरताना ऑइलचा दाब घटतो. हे तुकडे चिमट्याने एकेक उचला. ब्रशने घासून आत ढकलू नका.

चेंबरच्या बुडाला पोचा पडला असेल, आणि आपल्याकडचे स्पीडब्रेकर बघता तो असतोच, तर तो आतून किती वर आलाय ते पाहा. जाळी आणि तळ यांच्यात मुद्दाम थोडंच अंतर ठेवलेलं असतं. पोचा वर येऊन ते अंतर खाऊन टाकतो. लहान पोचा आतून लाकडी ठोकळा ठेवून ठोकून काढता येतो. पत्र्याला चीर असेल किंवा ऑइल बोल्टचे आटे गेले असतील तर चेंबरच नवा घ्या.

कड सपाट करणं

सगळ्या कामाचा जीव इथे आहे, आणि घाईत नेमकं हेच गाळलं जातं.

चेंबर पत्र्याचा. त्याच्या कडेतल्या प्रत्येक भोकावर बोल्टाचं डोकं खालून दाब देतं. बोल्ट जास्त आवळला की भोकाभोवतीचा पत्रा ब्लॉकच्या दिशेने उचलला जातो आणि तिथे लहानसा उंचवटा तयार होतो. वरवर नुसत्या डोळ्यांना कड सरळच दिसते. पण पोलादी पट्टी कडेवर उभी धरून मागून टॉर्च लावा: पट्टी भोकांच्या उंचवट्यांवर टेकलेली असते आणि दोन भोकांच्या मध्ये उजेडाची फट दिसते. गळती त्या फटीतून होते. म्हणजे बोल्टाजवळ गॅस्केट चिरडलं जातं आणि मध्ये ते सैल राहतं. मग गळती दिसली म्हणून माणूस बोल्ट आणखी आवळतो, उंचवटा वाढतो, फट वाढते.

उपाय सोपा आहे. चेंबर धुऊन कोरडा करा. ऐरण किंवा जाड सपाट पोलादी तुकडा नसेल तर कठीण लाकडाचा सपाट ठोकळा घ्या. कडेची खालची बाजू, म्हणजे बोल्टाचं डोकं टेकतं ती, ठोकळ्यावर टेकवा. गॅस्केट बसतं ती बाजू वर. गोल तोंडाच्या लहान हातोड्याने भोकाभोवतीचा उंचवटा हलक्या हाताने, फिरत फिरत खाली बसवा. दोन-चार ठोके, मग पट्टी धरून उजेड बघा, मग पुन्हा. शेवटी चेंबर जाड काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर गॅस्केटची बाजू खाली करून ठेवा. अर्धगोल टोकं सोडून सरळ बाजूंखाली पातळ कागद कुठेही सरकायला नको. सगळी कड एका पातळीत यायला अर्धा-पाऊण तास लागतो. तो द्या.

सफाई

ब्लॉकच्या बाजूचं जुनं रबर आणि सीलंट प्लास्टिकच्या स्क्रेपरने काढा. पॉलिश पेपर, घासणी किंवा ड्रिलला लावायची चकती इथे वापरू नका. तिचे अतिसूक्ष्म कण क्रँकच्या बाजूला उडतात, ऑइलमधून बेअरिंगमध्ये जातात आणि बेअरिंग घासून काढतात. ब्रेक क्लीनरही थेट वर फवारू नका. फडक्यावर घेऊन पुसा. रॉकेलने धुतलेल्या पृष्ठभागावर तेलकट थर राहतो, तेव्हा रॉकेल वापरलं तरी शेवटचा हात ब्रेक क्लीनरचा किंवा थिनरचा.

खरा त्रास वेगळाच आहे. पुसलं की दहा मिनिटांत वरून एक थेंब उतरतो आणि स्वच्छ केलेल्या कडेवर पसरतो. क्रँक, कनेक्टिंग रॉड, ब्लॉकच्या भिंती तासन्‌तास निथळत असतात. म्हणून काम दोन दिवसांत विभागणं उत्तम: पहिल्या दिवशी चेंबर उतरवा, कड सपाट करा, ब्लॉकची पहिली सफाई करा, खाली परात ठेवून रात्रभर निथळू द्या आणि इंजिनाखाली धूळ जाणार नाही असं झाका. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पुसा. पांढरं फडकं फिरवल्यावर पांढरंच निघालं की बसवायला घ्यायचं, त्याआधी नाही.

बोल्टांच्या भोकांत ऑइल साचलेलं असेल तर तेही टिपून घ्या. बंद भोकात ऑइल असताना बोल्ट आवळला तर तो खरा बसण्याआधीच घट्ट लागल्यासारखा वाटतो. ॲल्युमिनियममधले एखादे आटे गेलेले आढळले तर बोल्टाला सीलंट फासून वेळ मारून नेऊ नका. एम ६ चं हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवा: ६.३ मिलिमीटरचं ड्रिल, हेलिकॉइलचाच टॅप, आणि ड्रिल करताना भोकात वर जाणारा चुरा अडवण्यासाठी ड्रिलला ग्रीस लावलेलं.

बसवणं

रबरी गॅस्केट कोरडंच बसतं. चारी बाजूंनी सीलंट लावलं तर ते वंगणासारखं काम करतं आणि आवळताना रबर बाहेर घसरतं, कधी भोकाजवळ फाटतं. सीलंट फक्त तिथे, जिथे दोन तुकडे एकमेकांना भेटतात. टायमिंग बेल्टच्या बाजूला ऑइल पंप ब्लॉकला जोडलेला असतो, गिअरबॉक्सच्या बाजूला क्रँकच्या मागच्या सीलचं कव्हर. या दोन्ही ठिकाणी कड अर्धगोल होते. अर्धगोल जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो ते चार कोपरे. प्रत्येकी हरभऱ्याच्या दाण्याएवढं सीलंट. तीन भागांच्या त्या सांध्यात रबराला पोचता येत नाही, तेवढी पोकळी सीलंटने भरायची. या गाड्यांच्या चेंबरची परत होणारी गळती बहुधा या चारांपैकी एका कोपऱ्यातून असते.

सीलंट लावल्यावर ट्यूबवर दिलेल्या वेळेच्या आत, शक्यतो पाच मिनिटांत चेंबर चढवा. वर साय धरली की ते नुसतं दाबलं जातं, चिकटत नाही. सगळी तयारी झाल्याशिवाय ट्यूब उघडायची नाही ती यासाठीच.

गॅस्केट चेंबरवर ठेवून वर नेताना ते सरकू नये म्हणून जुनी युक्ती: तीन-चार भोकांतून पातळ सुती दोरा घालून गॅस्केट कडेला बांधा. बोल्ट लागले की दोरा कापून ओढून घ्या. स्टड असलेल्या इंजिनात गॅस्केट आधी स्टडवर अडकवलं तरी चालतं.

पहिला नियम असा की सगळे बोल्ट-नट बोटांनी दोन-तीन आटे फिरल्याशिवाय एकही आवळायचा नाही. एक कोपरा आधी बसवला तर शेवटची दोन भोकं जुळत नाहीत आणि मग बोल्ट तिरका घुसतो. सगळे लागल्यावर मधून सुरुवात करून आळीपाळीने समोरासमोर, बाहेरच्या दिशेने. पहिला फेरा नुसता टेकण्यापुरता, दुसरा ५-६ न्यूटन-मीटर, तिसरा १२ न्यूटन-मीटर. तिसऱ्यानंतर पुन्हा एकदा सगळ्यांवरून फिरा, कारण शेजारचा आवळला की आधीचा किंचित सैल पडतो.

१२ न्यूटन-मीटर म्हणजे किती ते हाताला कळावं म्हणून: १५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे ८ किलोचा जोर. मनगटाची ताकद, खांद्याची नाही. रबर कडेबाहेर एकसारखं किंचित फुगलेलं दिसलं की झालं. कुठे ते जिभेसारखं बाहेर आलं असेल तर तो बोल्ट जास्त आवळला गेलाय. सैल करून रबर फाटलंय का ते बघा, आणि फाटलं असेल तर सगळं पुन्हा उतरवून नवं घाला.

नुसत्या सीलंटवर बसणाऱ्या चेंबरला हेच सगळं लागू, फक्त गॅस्केटऐवजी ३ ते ४ मिलिमीटर जाडीची अखंड धार, बोल्टांच्या भोकांच्या आतल्या बाजूने, सुरुवात आणि शेवट एकमेकांवर थोडा चढवून. चढवताना चेंबर सरळ वर न्यायचा, इकडेतिकडे सरकवायचा नाही. आणि एकदा सीलंट धरलं की बोल्टांना परत पाना लावायचा नाही, कारण धरलेली धार तुटते.

ऑइल बोल्ट नव्या वॉशरसह ४४ न्यूटन-मीटर, एवढ्यासाठी मात्र मोठा टॉर्क पाना लागतो. फ्लायव्हीलखालचं कव्हर, सायलेन्सरचा पाईप नव्या गॅस्केटांसह, सेन्सरची जोडणी. ऑइल मात्र लगेच भरू नका. ट्यूबवर सीलंट पूर्ण धरायला बहुधा २४ तास लिहिलेले असतात. गाडीची निकड नसेल तर तेवढे जाऊ द्या.

ऑइल भरून बघणं

नवा फिल्टर लावा, त्याच्या रबराला बोटाने ऑइल पुसून. जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकवर चिकटून राहिलं नाही ना ते बघा, दोन रबरं एकावर एक आली की पहिल्याच मिनिटात ऑइल फवारतं. फिल्टर बदलून या इंजिनाला ३.३ लिटर लागतं. आधी ३ लिटर भरा. इंजिन सुरू करा आणि ऑइलच्या दिव्यावर लक्ष ठेवा, तो काही सेकंदांत विझायला हवा. नाही विझला तर लगेच बंद करून जाळी, फिल्टर आणि ऑइलची पातळी तपासा. विझला तर आयडलवर दहा मिनिटं चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघून उरलेलं थोडं थोडं घाला. डिपस्टिकवरच्या वरच्या खुणेच्या वर नेऊ नका. जास्तीचं ऑइल क्रँकने घुसळून फेसाळतं.

गाडी खाली घेण्याआधी टॉर्चने चारही कोपरे बघा, कोरड्या बोटाने सांधा चाचपा. रात्री खाली कोरा पुठ्ठा पसरून त्यावर चाकांच्या जागा पेनने खुणा करून ठेवा. सकाळी थेंब असेल तर तो नेमका कुठल्या कोपऱ्याखाली आहे ते त्यावरून कळतं. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा पाहा. सायलेन्सरवर आधीचं सांडलेलं ऑइल जळून पहिले एक-दोन दिवस वास आणि थोडा धूर येतो, त्याने घाबरू नका.

पुढेमागे एखादा कोपरा घामेजलाच तर बाहेरून सिलिकॉन फासू नका. आतून ऑइल झिरपत असताना बाहेरचा थर टिकत नाही, आणि पुढच्या वेळी तो खरवडताना तुमचीच दुपार जाईल. तो कोपरा पुन्हा उघडायचा, पुसायचा, सीलंटचा दाणा नव्याने ठेवायचा.

काढलेलं जुनं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवा. ते गटारात, झाडाच्या आळ्यात किंवा रस्त्याच्या खड्ड्यात ओतू नका. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या सरकारी नियमांत वापरलेलं ऑइलही धरलं आहे. जवळच्या मोठ्या गॅरेजकडून ऑइल गोळा करणारी गाडी येते, त्यांच्या पिंपात तुमचे साडेतीन लिटरही जातात. भिजलेली फडकी वाळेपर्यंत उघड्यावर पसरून ठेवा, थिनरचा वास असलेला बोळा बंद कोपऱ्यात ठेवणं धोक्याचं.